किटली जुनी की नुसता शिक्का जुना? चीनच्या यीशिंग चहादाण्यांचं वय ठरतं तरी कसं

इन्स्टाग्रामवर चहाचे दोन-चार व्हिडिओ पाहिले की तिसऱ्या दिवशी अल्गोरिदम तुम्हाला थेट चीनमध्ये नेऊन सोडतो. लाकडी ट्रे, मुठीत मावेल एवढी चॉकलेटी रंगाची मातीची किटली, तिच्यावरून ओतलं जाणारं उकळतं पाणी आणि खाली कॅप्शन, 'छिंग राजवटीतली, १५० वर्षं जुनी'. किंमत चार-पाच हजार रुपये, डिलिव्हरी फ्री.

आता दुसरा आकडा बघा. २०१५ साली बीजिंगमधल्या एका लिलावात गू जिंगझोऊ या कारागिराने घडवलेला चहाचा दहा नगांचा संच ९ कोटी २० लाख युआनला विकला गेला. तेव्हाच्या दराने नव्वद कोटी रुपयांच्या वर. आणि तो संच काही छिंग राजवटीतला नव्हता. तो विसाव्या शतकातला होता, गू यांचं निधन १९९६ साली झालं.

म्हणजे दीडशे वर्षं जुनी म्हणवणारी किटली पाच हजारांत आणि तिच्यापेक्षा कितीतरी नवा संच नव्वद कोटींत. दोन्ही एकाच गावच्या नावाने विकल्या जातात, दोन्हींच्या तळाशी चिनी अक्षरांचा सुबक शिक्का असतो. मोबाइलच्या स्क्रीनवर तर दोन्ही सारख्याच दिसतात. मग खरी जुनी कोणती, हे ठरवतात कसं? आणि मुळात ठरवता येतं का?

चिनीमाती वेगळी, चीनची ही माती वेगळी

मराठीत 'चिनीमाती' म्हटलं की लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर येते. बाहेरून चकचकीत झिलई, बोट फिरवलं की घसरतं. यीशिंगची किटली याच्या बरोबर उलट. तिला झिलई नसते, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. माती जशी आहे तशी दिसते.

यीशिंग हे चीनच्या जिआंग्सू प्रांतातलं, शांघायच्या पश्चिमेला ताइहू तलावाच्या काठावरचं शहर. त्यातला डिंगशू हा भाग म्हणजे या किटल्यांचं माहेर. इथल्या मातीला 'झीशा' म्हणतात, म्हणजे जांभळी वाळू. नाव वाळूचं असलं तरी खाणीतून ती दगडासारखी निघते. ती उघड्यावर उन्हापावसात पडू देतात, फुटली की दळतात, चाळतात, पाणी घालून मळतात आणि मुरायला ठेवतात. त्यातून जांभळट तपकिरी, लाल आणि पिवळसर अशा मुख्य जाती मिळतात. मातीत लोह भरपूर असल्याने भट्टीच्या उष्णतेत थोडा फरक पडला तरी रंग बदलतो.

भाजणी साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला होते, आपल्या माठापेक्षा बरीच जास्त. त्यामुळे माठासारखं पाणी झिरपत नाही, पण काचेसारखी बंदही होत नाही. भिंतीत बारीक छिद्रं राहतात. त्यांत चहाचा वास मुरतो, म्हणून शौकीन एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करतात आणि तिला साबण लावत नाहीत. 'इतकी मुरली की नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा मिळतो' ही मात्र दुकानदारांची आवडती थाप.

किटली हवी कशाला, यालाही इतिहास आहे. आधी चीनमध्ये चहाच्या वड्या असत. त्या कुटून भुकटी करून घुसळायच्या. १३९१ साली मिंग राजवटीच्या पहिल्या बादशहाने दरबारासाठी अशा वड्या पाठवण्याची सक्ती बंद केली आणि सुट्या पानांचा चहा वाढला. पानं भिजवायला भांडं लागतं. पुढच्या शतकभरात यीशिंगच्या कुंभारांना त्यांचं खरं काम सापडलं.

तळाशी नाव आहे, मग अडचण काय?

अडचण नावाचीच आहे.

परंपरेनुसार या कलेचा मूळ पुरुष गोंग चुन. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विद्वानाच्या घरी नोकर असलेल्या या मुलाने मंदिरातल्या भिक्षूकडे पाहून किटली घडवायला शिकून घेतलं आणि झाडाच्या खोडावरच्या गाठीसारखी खडबडीत किटली बनवली, अशी कथा आहे. १९२८ साली यीशिंगचेच चू नानच्यांग यांना सुझोऊमध्ये अशीच एक किटली मिळाली, गोंग चुनचं नाव असलेली. ती पुढे त्यांनी सरकारला दिली आणि आज ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पण ती गोंग चुनचीच का, यावर जाणकारांत वाद आहे. सुरुवात झाकणापासून झाली. किटली झाडाच्या गाठीसारखी, झाकण मात्र भोपळ्याच्या देठासारखं. चित्रकार ह्वांग बिनहोंग यांनी ही विसंगती दाखवल्यावर पेई शीमिन या कारागिराकडून गाठीच्या आकाराचं नवं झाकण करून घेण्यात आलं. खुद्द गू जिंगझोऊ यांनाही शंका होती. ही किटली छिंग काळाच्या अखेरीस होऊन गेलेले कारागीर ह्वांग यूलिन यांच्या हातची असावी, असं त्यांचं मत होतं. म्हणजे या कलेतलं सर्वात पहिलं नाव असलेली, देशाच्या संग्रहालयात ठेवलेली किटलीसुद्धा वादातून सुटलेली नाही.

दुसरं नाव हुई मेंगचेन. सतराव्या शतकातला मानला जाणारा हा कारागीर छोट्या किटल्यांसाठी प्रसिद्ध झाला. ग्वांगडोंग आणि फूज्येन प्रांतांत एवढ्याशा किटलीत कडक ऊलोंग करण्याची पद्धत रुजली आणि तिथे छोट्या किटलीलाच 'मेंगचेन' म्हणायला लागले. त्यानंतर तीनशे वर्षं कोणीही छोटी किटली केली की तळाशी मेंगचेन कोरायचा. फसवायचं म्हणून नव्हे, या मापाची किटली अशीच असते म्हणून. कोल्हापुरी चप्पल कोल्हापूरबाहेर शिवली तरी कोल्हापुरीच म्हणतात, तसंच काहीसं. १९५० नंतर सरकारी कारखान्यातून निघालेल्या किटल्यांवरही 'जिंगशी हुई मेंगचेन' असा शिक्का मारला गेला. जिंगशी हे यीशिंगचंच जुनं नाव.

त्यामुळे 'तळाशी मेंगचेनचं नाव आहे, म्हणजे सतराव्या शतकातली' असा दावा दिसला तर तो बाजूला ठेवायला पाच सेकंद पुरेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेदार. १९३० च्या दशकात शांघायमधल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने यीशिंगचे हुशार कारागीर कामाला ठेवले होते. काम एकच, जुन्या उस्तादांच्या किटल्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या. त्यांत विशीतले गू जिंगझोऊही होते. अठराव्या शतकाच्या आसपासचे चेन मिंगयुआन यांच्या धाटणीची कामं त्यांनी तिथे केली. या काळातल्या काही प्रतिकृती अस्सल समजून मोठ्या संग्रहांत पोहोचल्या. ज्याच्या नावावर आज नव्वद कोटींची बोली लागते, त्याचा हात नकला करतच तयार झाला. आता त्याच गू यांच्या नावाचे खोटे शिक्के बाजारात आहेत.

चिनी परंपरेत गुरूच्या कामाची नक्कल हा शिक्षणाचा भाग होता. त्यामुळे जुन्या नावाची प्रत्येक नवी किटली लबाडीतूनच आली असं म्हणता येत नाही. लबाडी बहुतेकदा विकणाऱ्याच्या तोंडातून सुरू होते.

मग पक्की तारीख मिळते कुठे?

थडग्यांत आणि समुद्राच्या तळाशी.

मिंग दरबारातला वू जिंग नावाचा एक अधिकारी १५३३ साली नानजिंगजवळ पुरला गेला. १९६० च्या दशकात त्याचं थडगं उघडलं, तेव्हा आत एक किटली निघाली, बादलीसारखी वरून धरायची कडी असलेली. थडग्याचं वर्ष माहीत असल्याने किटली त्याआधीचीच असणार, यात वाद नाही. तारखेनिशी सापडलेली यीशिंगची ही सर्वात जुनी किटली मानली जाते.

ती दिसायला रीलमधल्या किटल्यांसारखी अजिबात देखणी नाही. माती जाडीभरडी. अंगावर झिलईचे थेंब उडालेले आहेत, कारण त्या काळी किटल्या मोठ्या झिलईच्या रांजणांसोबत एकाच भट्टीत उघड्याच भाजत. पुढे त्यांना मातीच्या झाकणबंद डब्यात ठेवून भाजायला लागले आणि हे थेंब नाहीसे झाले. तोटी जिथे जोडली आहे तिथे चार पाकळ्यांचा मातीचा तुकडा चिकटवलेला आहे, जोड झाकायला आणि मजबूत करायला. अभ्यासक पाहतात ते असे तपशील.

मिंग काळाच्या अखेरचे नामांकित कारागीर शी दाबिन यांच्याबाबतही हेच. त्यांच्या नावाच्या किटल्या जगभर आहेत, पण वजन आहे ते थडग्यांतून निघालेल्यांना. फूज्येनमधल्या झांगपू इथल्या १६१० च्या थडग्यातली एक आणि वूशीजवळच्या १६२९ च्या थडग्यातली तीन पायांची एक, या दोन्ही १९८० च्या दशकात सापडल्या. बाकीच्यांची तुलना अशांशी केली जाते.

जहाजांचं गणित आणखी सोपं. जहाज बुडालं त्या दिवशी त्यावरच्या मालाला तारखेचं कुलूप लागतं. १८२२ साली 'टेक सिंग' नावाचं अजस्र चिनी जहाज शियामेनहून आजच्या जकार्ताकडे जाताना खडकावर आदळलं. दीड हजारांहून जास्त माणसं बुडाली. १९९९ मध्ये ते जहाज सापडलं आणि पुढच्या वर्षी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये त्यातल्या साडेतीन लाखांच्या आसपास वस्तूंचा लिलाव झाला. बहुतेक चिनीमातीची भांडी होती, पण यीशिंगच्या किटल्याही होत्या. मलेशियाजवळ २००१ मध्ये सापडलेल्या, १८३० च्या आसपासच्या डेसारू जहाजातूनही अशा किटल्या मोठ्या संख्येने वर आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोजच्या वापरातली, परदेशी पाठवायची साधी किटली कशी होती, हे या मालामुळे कळलं. साहजिकच आता 'टेक सिंगमधली किटली' असं म्हणूनही काहीबाही विकायला येतं. लिलावाचा मूळ क्रमांक आणि कागद सोबत नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही.

युरोपातही असा एक धागा आहे. चहासोबत लाल किटल्याही तिकडे गेल्या आणि डेल्फ्टचे डच कुंभार, इंग्लंडमधले एलर्स बंधू आणि जर्मनीतला बोटगर अशा सगळ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या नकला केल्या. सॅक्सनीच्या शासकाने, ऑगस्टस द स्ट्राँगने, आपल्या भांड्यांची यादी १७२१ पासून करवून घेतली आणि भांड्यांवर क्रमांक घातले. तो क्रमांक असलेली किटली त्या यादीहून नवी असू शकत नाही.

आत डोकावून बघा

मराठीत 'बनावट' या शब्दाचे दोन अर्थ होतात. घडण आणि खोटेपणा. या किटल्यांत पहिला अर्थ नीट वाचता आला की दुसऱ्याचा अंदाज येतो.

यीशिंगची अस्सल पद्धत चाकावरची नाही. कारागीर मातीचा गोळा लाकडी मोगरीने थापून पोळीसारखा पत्रा करतो, त्याची लांब पट्टी कापतो, ती गोल वळवून टोकं जोडतो आणि लाकडी फळीने बाहेरून थापत थापत पोटाला आकार देतो. तळ आणि वरचा भाग वेगळ्या चकत्यांचा. तोटी, कान आणि झाकण वेगळं घडवून जोडायचं.

त्यामुळे किटलीच्या आत, बहुतेकदा कानाच्या बाजूला, उभा जोड दिसू शकतो. थापल्याच्या, ओल्या बोटाने किंवा हत्याराने सारवल्याच्या खुणा असतात. याउलट आत गोल गोल आडव्या रेषा एकसारख्या वर चढत गेल्या असतील तर ती चाकावरची. आतला पृष्ठभाग गुळगुळीत, जोड कुठेच नाही, कोपरे विरघळल्यासारखे असतील तर पातळ माती साच्यात ओतून केलेली असण्याची शक्यता मोठी. अशा किटल्या दिवसाला ढिगाने निघतात.

इथे एक मेख आहे. जोड दिसला म्हणजे किटली हाताने घडवली, एवढंच सिद्ध होतं. आजही यीशिंगमध्ये हजारो हात याच पद्धतीने काम करतात. जोड वय सांगत नाही.

वयाच्या बाबतीत बहुतेक खुणा एकाच दिशेने बोलतात. 'ही यापेक्षा जुनी नाही' असं त्या ठामपणे सांगू शकतात. 'ही इतकी जुनी आहे' असं क्वचितच.

तोटीचं उदाहरण घ्या. किटलीच्या आतून तोटीकडे पाहिलं तर जुन्या किटल्यांत बहुधा एकच भोक दिसतं. बारीक भोकांची सपाट जाळी काही एकोणिसाव्या शतकातल्या किटल्यांतही आढळते, पण तिचा सुकाळ नंतरचा. आणि गोल्फच्या चेंडूसारखी आत फुगलेली जाळी मात्र १९७० च्या दशकापासूनची, जपानी गिऱ्हाइकांच्या मागणीतून आलेली. तेव्हा 'छिंग काळातली' किटली विकणाऱ्याला आतला फोटो मागा. चेंडू दिसला तर विषय संपला. एकच भोक दिसलं तर मात्र विषय संपत नाही, कारण नकली जुनी करणाऱ्यालाही एकच भोक पाडता येतं.

रंगाचंही तसंच. गर्द निळी, पोपटी हिरवी किंवा एकसारखी कोळशासारखी काळी किटली दिसली तर मातीत काही मिसळलं असण्याची शंका घ्यावी. धातूंची भस्मं मिसळून रंग आणणं यीशिंगला नवं नाही, पण २०१० साली चीनच्या सरकारी वाहिनीने साध्या मातीत रसायनं घालून 'झीशा' म्हणून विकली जाते, असा वृत्तांत दाखवला आणि देशभर खळबळ उडाली. त्याआधी, २००५ मध्ये, ह्वांगलोंगशान या मुख्य टेकडीवरचं खाणकाम थांबवण्यात आलं होतं. तेव्हापासून 'जुन्या खाणीची अस्सल माती' हा विक्रीचा मंत्र झाला. माती साठवून ठेवता येते. चाळीस वर्षं जुन्या मातीची किटली काल संध्याकाळी घडवलेली असू शकते. विकणारा 'जुनी' म्हणतो तेव्हा माती की किटली, हे विचारायला विसरू नका.

जिथे तारीख खरंच लावता येते

संग्राहकांचा जीव सध्या ज्या काळात अडकलाय तो मिंगही नाही आणि छिंगही नाही. तो आहे कारखान्याचा काळ.

साम्यवादी सत्ता आल्यावर १९५० च्या दशकात विखुरलेल्या कारागिरांना सहकारी संस्थेत एकत्र आणलं गेलं आणि १९५८ मध्ये यीशिंग झीशा कारखाना उभा राहिला. संग्राहक त्याला 'फॅक्टरी वन' म्हणतात. इथे हजारोंनी किटल्या झाल्या, निर्यात झाल्या आणि सरकारी कारखाना असल्यामुळे शिक्के, लेबलं, मापं बऱ्यापैकी ठरलेली होती. तळाशी 'जोंगग्वो यीशिंग', म्हणजे 'चीन यीशिंग', असा चार अक्षरांचा चौकोनी शिक्का आणि झाकणाच्या आत कामगाराची छोटी खूण. वर कधी हिरवं, पुढे पांढरं कागदी लेबल. शिक्क्याची चौकट जाड की बारीक, अक्षराचं वळण कसं, झाकणाची कड कशी घासली आहे, यावरून जाणकार दशकापर्यंत पोहोचतात. एकच मॉडेल शेकड्यांनी उपलब्ध असल्याने तुलना करता येते. एकट्यादुकट्या छिंग किटलीबाबत ही चैन नसते.

त्याआधीच्या काळातही काही खुणा आहेत. १९११ नंतरच्या प्रजासत्ताक काळात वू देशेंग, थिएहुआश्वेन अशा व्यापारी पेढ्यांनी स्वतःचे शिक्के मारले. इंग्रजीत 'चायना' असं लिहिलं असेल तर लक्षात ठेवा, १८९० च्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक केलं. तो शब्द असलेली किटली त्याआधीची असणं जवळपास अशक्य. आणि आरशासारखी घासलेली, तोटीच्या टोकाला आणि झाकणाच्या बोंडाला धातू मढवलेली किटली दिसली तर तिचा रस्ता बहुधा थायलंडहून जातो. राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, यांच्या काळात सयाममध्ये अशा किटल्यांची मोठी हौस होती.

आता वाईट बातमी. १९८० च्या दशकात हाँगकाँग आणि तैवानच्या संग्राहकांनी भाव वाढवले तसे फॅक्टरी वनचे शिक्केही नकली येऊ लागले. रबराचा नाही तर मातीत उमटणारा छोटासा शिक्काच तो, खोदायला कितीसा वेळ लागतो.

चकाकी, वास आणि बुटाचं पॉलिश

वर्षानुवर्षं हात फिरला, चहा लागला की या मातीवर मंद चमक चढते. तिलाच खरेदीदार भुलतो, म्हणून तीच सर्वात आधी नकली केली जाते. चहाच्या कडक काढ्यात उकळणं, तेल चोळणं, मेण लावणं, मातीत पुरणं आणि चक्क बुटाचं पॉलिश. हे सगळं केलं जातं.

घरच्या घरी होणारी तपासणी एवढीच. किटलीत आणि तिच्यावरून उकळतं पाणी ओतायचं आणि वास घ्यायचा. जुन्या किटलीला चहाचा, कपाटाचा, फार तर धुळीचा वास येतो. पॉलिश, तेल किंवा रसायनाचा दर्प आला तर ती परत पाठवा आणि तिच्यात चहा करून पिऊ नका. मग झीज कुठे आहे ते पाहा. झाकण जिथे टेकतं ती कड, बूड, कानावर अंगठा बसतो ती जागा, इथे वापर दिसायला हवा. तोटीच्या खालची बेचकी, कानाचा आतला कोपरा, इथे हात पोहोचत नाही, तिथली चमक कमीच असणार. बेचकीपासून बुडापर्यंत सगळीकडे सारखीच चमक असेल तर ती हाताने आलेली नाही, फडक्याने आलेली आहे.

प्रयोगशाळेत पाठवली तर?

भाजलेल्या मातीचं वय मोजायची एक पद्धत आहे, थर्मोल्युमिनेसन्स. मातीतले स्फटिक आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत गेल्यावर हे मीटर शून्यावर येतं आणि पुन्हा मोजणी सुरू होते. नमुना पुन्हा तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, त्यावरून शेवटच्या भाजणीला किती काळ झाला याचा अंदाज येतो.

हजार-दोन हजार वर्षांच्या मूर्तीसाठी हे उत्तम. किटलीसाठी फारसं कामाचं नाही. एक तर नमुन्यासाठी तिला भोक पाडावं लागतं आणि मुठीएवढ्या पातळ किटलीत भोक पाडायला जागा कुठली. दुसरं, उत्तर एका वर्षाचं नसतं, मोठ्या पट्ट्यात येतं. १९२० ची की १९४० ची, हे त्यातून कळत नाही आणि भावातला फरक नेमका तिथेच असतो. शिवाय किटलीवर मुद्दाम किरणोत्सार सोडून ते मीटर पुढे ढकलता येतं. कोणी घडवली, हे तर यंत्र सांगूच शकत नाही.

कायद्याची बाजू, जी रीलमध्ये नसते

समजा किटली खरंच छिंग काळातली आहे. मग प्रश्न वेगळाच होतो. २००७ च्या चिनी नियमांनुसार १९११ आणि त्याआधीच्या पुरातन सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर पाठवायला सरसकट बंदी आहे. म्हणजे चीनमधून साध्या कुरिअरने 'अस्सल छिंग किटली' पाठवणारा विक्रेता एक तर खोटं बोलतोय किंवा त्याच्या देशाचा नियम मोडतोय. दुसरी शक्यता फारच कमी, पाच हजार रुपयांसाठी कोण एवढी जोखीम घेईल?

भारतातही १९७२ चा पुरातन वस्तू कायदा आहे. कमीत कमी शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी लागेल.

मुंबईत चिनी वस्तूंची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथले पारशी व्यापारी कँटनला जात आणि रेशीम, भरतकाम, भांडी घेऊन येत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याने दिलेल्या संग्रहात चिनी कलावस्तू पाहायला मिळतात. पण जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा चोर बाजारात जे 'चिनी' म्हणून सापडतं ते बहुधा झिलईचं निळं-पांढरं भांडं असतं. बिनझिलईची लाल-तपकिरी किटली हाती आली तर ती यीशिंगचीच असेल असंही नाही. जपानमधलं तोकोनामेही अशाच लाल किटल्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांचा कान बहुतेकदा मागे नसतो, बाजूला दांड्यासारखा काटकोनात असतो.

जुन्या किटल्या नुसत्या पाहून नजर तयार करायची असेल तर हाँगकाँगचं चहाच्या भांड्यांचं संग्रहालय ही चांगली जागा. १९८४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय लो क्वी-सेओंग या उद्योजकाने दिलेल्या संग्रहावर उभं आहे. चहासाठी चांगली नवी किटली हवी असेल तर तीही यीशिंगमध्ये मिळते, हयात कारागिराच्या खऱ्या नावाने, आणि तिच्यात चहा तितकाच चांगला होतो.

आणि तरीही एखादी 'जुनी' किटली मनात भरलीच, तर विक्रेत्याला तळाच्या शिक्क्याचा फोटो मागू नका, तो त्याने आधीच टाकलेला असतो. तीन फोटो मागा. झाकण काढून आतून तोटीकडे पाहणारा, आतल्या कानाकडच्या भिंतीचा आणि झाकणाच्या कडेचा. बऱ्याच संवादांचा शेवट तिथेच 'सीन'वर होतो.